जीडेव्हलपमधून कोड कॉल कसा करायचा? नवशिक्यांसाठी तीन प्रश्नांची किल्ली

मे महिन्यात माझ्या मामेभावाचा फोन आला. तो अकरावीत आहे, रत्नागिरी जिल्ह्यात राहतो आणि सुट्टीत गेम बनवायला बसला होता. झाडावरून आंबे पडतात, खाली टोपली सरकवायची, आंबा झेलला की १० गुण. साधा, पण त्याचा स्वतःचा गेम. सगळं बिनकोडी बनवलं होतं. मग आजीने गेम हातात घेतला, दोन आंबे झेलले आणि विचारलं, "आकडे आपले का नाहीत रे?" तिला मराठी अंकच नीट वाचता येतात.

आता आकडे मराठीत आणायचे तर थोडा कोड लागणार. त्याने एका एआय चॅटबॉटला विचारून कोड आणला, गेममध्ये चिकटवला आणि प्रीव्ह्यू चालू केला. टोपली हलवायच्या आतच गुण धावायला लागले. एका सेकंदात ६००, दहा सेकंदांत ६,०००. "ताई, मी गेम बंद करतोय. मला कोडिंग जमणार नाही," असं त्याने जाहीर केलं.

मी त्याचा कोड बघितला. कोड बरोबर होता! चूक होती ती कोड कॉल करण्याच्या पद्धतीत. आणि हा फरक नवशिक्यांना कोणी नीट सांगतच नाही. म्हणून हा लेख.

आधी एक सूचना. या लेखात कोडच्या ओळी उच्चारांप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, म्हणजे त्या वाचता आणि समजून घेता येतील. एडिटरमध्ये त्या इंग्रजी कीबोर्डवरच टाइप करायच्या आहेत. आकडेसुद्धा इंग्रजी अंकांत, कारण जावास्क्रिप्टला कोडमधले देवनागरी अंक संख्या म्हणून कळत नाहीत. थोडक्यात, कॉपी-पेस्ट नको, हाताने टाइप करा.

जीडेव्हलप म्हणजे काय?

जीडेव्हलप हे कोड न लिहिता गेम बनवण्याचं टूल आहे. फ्लोरियान रिव्हाल या फ्रेंच डेव्हलपरने ते सुरू केलं. ते ओपन सोर्स आहे, ब्राउझरमध्ये चालतं, कॉम्प्युटरवर चालतं आणि अँड्रॉइड फोनवर त्याचं अ‍ॅपही आहे. त्यामुळे लॅपटॉप नसलेली पोरंही त्यात गेम बनवतात.

त्याचा कणा म्हणजे इव्हेंट शीट. डावीकडे कंडिशन, उजवीकडे अ‍ॅक्शन. "आंबा टोपलीला लागला" ही कंडिशन, "गुण १० ने वाढव" ही अ‍ॅक्शन. एका इव्हेंटच्या खाली, जरा आत सरकवून, दुसरा इव्हेंट ठेवता येतो. त्याला सब-इव्हेंट म्हणतात. वरची कंडिशन खरी ठरली तरच खालचा सब-इव्हेंट चालतो. हे लक्षात ठेवा, पुढे फार कामाला येणार आहे.

पडद्यामागे हे सगळे इव्हेंट जावास्क्रिप्टमध्ये बदलले जातात आणि तीच जावास्क्रिप्ट गेम चालवते. म्हणून जीडेव्हलपमध्ये आपण स्वतः लिहिलेली जावास्क्रिप्टही घुसवता येते. ती काही वेगळी दुनिया नाही, त्याच गाडीचं बॉनेट उघडण्यासारखं आहे.

कोड खरंच लागतो का?

हा प्रश्न आधी विचारा. बऱ्याचदा उत्तर "नाही" असतं. उडी मारणं, टक्कर ओळखणं, टायमर, आवाज, सीन बदलणं या सगळ्यासाठी तयार कंडिशन आणि अ‍ॅक्शन आहेत. शिवाय इतरांनी बनवलेली एक्स्टेंशन्स टूलमध्येच शोधून जोडता येतात. गुण १० ने वाढवायलाही कोडची गरज नाही. तरी मी खाली तेच उदाहरण आधी घेतलंय, कारण ते सोपं आहे आणि चूक पटकन दिसते.

कोड कुठे उपयोगी पडतो? तीन ठिकाणी. एक, जावास्क्रिप्टला आयतं येतं पण इव्हेंटमध्ये सोय नाही अशी कामं. मराठी अंक हे त्याचंच उदाहरण. दोन, किचकट हिशोब, जो इव्हेंटमध्ये वीस ओळी खातो आणि कोडमध्ये तीन. तीन, एकच काम दहा ठिकाणी करायचं असेल तेव्हा.

कॉल म्हणजे काय?

फंक्शन म्हणजे नाव दिलेलं काम. कॉल म्हणजे त्या कामाला लावणं. गावात इलेक्ट्रिशियनला फोन करता तसंच. त्याला काम येतं, हे गृहीत आहे. पण फोन करताना तुम्हाला तीन गोष्टी सांगाव्या लागतात. कधी यायचं? काय तपासायचं, पंखा की मोटर? आणि झाल्यावर काय सांगायचं, नुसतं दुरुस्त करून जायचं की काय बिघडलं होतं तेही कळवायचं?

कोड कॉल करतानाही हेच तीन प्रश्न असतात.

१. कधी? हा कोड नेमका कोणत्या क्षणी चालणार आणि किती वेळा?
२. कोणावर? त्याच्या हातात कोणते ऑब्जेक्ट, कोणते आकडे देणार?
३. परत काय? काम झाल्यावर उत्तर गेमपर्यंत कसं पोहोचणार?

माझ्या भावाच्या गेममध्ये या तिन्ही ठिकाणी गडबड निघाली. एकेक बघूया.

जावास्क्रिप्ट इव्हेंट कसा जोडायचा?

इव्हेंट शीट उघडा. नवीन इव्हेंट जोडण्याच्या बटणात इव्हेंटच्या प्रकारांची यादी असते. त्यात "जावास्क्रिप्ट कोड" निवडा. शीटमध्ये कोड लिहायचा एक चौकोन येतो. त्याच्या वरच्या ओळीत दोन शब्द महत्त्वाचे, आधीच लिहिलेला रनटाइमसीन आणि ऑब्जेक्ट निवडल्यावर येणारा ऑब्जेक्ट्स.

हे दोन शब्द म्हणजे टूलने तुमच्या कोडच्या हातात ठेवलेल्या दोन वस्तू. रनटाइमसीन म्हणजे सध्या चालू असलेला अख्खा सीन. ऑब्जेक्ट्स म्हणजे तुम्ही निवडून दिलेल्या ऑब्जेक्टची यादी. त्या ओळीवर टॅप केलं की कोणता ऑब्जेक्ट द्यायचा ते निवडता येतं. काहीच निवडलं नाही तर कोडला ही यादी मिळतच नाही.

भावाचा कोड साधारण असा होता:

कॉन्स्ट स्कोअर = रनटाइमसीन.गेटव्हेरिएबल्स().गेट("स्कोअर");
स्कोअर.सेटनंबर(स्कोअर.गेटॲजनंबर() + १०);

पहिली ओळ म्हणते, सीनच्या व्हेरिएबल्समधून "स्कोअर" नावाचं व्हेरिएबल शोधून दे. दुसरी म्हणते, त्यात आत्ता जो आकडा आहे त्यात १० मिळवून परत ठेव. जोडशब्द टाइप करताना पहिला शब्द लहान अक्षराने सुरू होतो आणि पुढचा प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने. मधे स्पेस नाही. टिंब दिल्यावर एडिटर पुढची नावं सुचवतो, त्यातून निवडलं की स्पेलिंगची चूक टळते.

कोडमध्ये खोट नाही. मग गुण का धावले?

पहिला प्रश्न: कधी?

गेम म्हणजे भराभर बदलणाऱ्या चित्रांची मालिका. प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात आणि बहुतेक फोनवर सेकंदाला ६० फ्रेम दिसतात. जीडेव्हलप प्रत्येक फ्रेमला इव्हेंट शीट वरून खालपर्यंत वाचतं. साठ वेळा, दर सेकंदाला.

भावाने जावास्क्रिप्ट इव्हेंट शीटमध्ये मोकळाच ठेवला होता, कोणत्याही कंडिशनखाली नाही. कंडिशन नाही म्हणजे दर फ्रेमला चाल. ६० गुणिले १०, सेकंदाला ६०० गुण. हिशोब चोख आहे! कॉम्प्युटरने सांगितलं तेच केलं.

उपाय सोपा. "आंबा टोपलीला लागला" ही टक्करीची कंडिशन असलेला इव्हेंट बनवा आणि जावास्क्रिप्ट इव्हेंट ओढून त्याच्या आत सब-इव्हेंट म्हणून ठेवा.

पण थांबा, अजून एक खड्डा आहे. आंबा टोपलीला लागला की तो एकाच फ्रेमपुरता लागत नाही. तो टोपलीवर असेपर्यंत प्रत्येक फ्रेमला कंडिशन खरीच राहते. म्हणून झेललेला आंबा लगेच हटवायला हवा. क्रम लक्षात घ्या. आधी इव्हेंटच्या स्वतःच्या अ‍ॅक्शन चालतात, मग सब-इव्हेंट वरून खाली. त्यामुळे हटवण्याची अ‍ॅक्शन कोडच्या खालच्या, वेगळ्या सब-इव्हेंटमध्ये ठेवा. आधी गुण मोजू दे, मग आंबा जाऊ दे.

काही जण इथे "एकदाच चालव" ही तयार कंडिशन लावतात. एखादी गोष्ट सुरू होताना एकदाच करायची असेल, जसं की जिंकल्यावर आवाज वाजवणं, तर ती उत्तम आहे. पण आंब्यांसारख्या अनेक प्रती असताना ती दगा देते. ती प्रत्येक आंब्याचा वेगळा हिशोब ठेवत नाही, फक्त "मागच्या फ्रेमला कंडिशन खरी होती का" एवढंच बघते. एक आंबा टोपलीत असतानाच दुसरा आला, तर दुसऱ्याचे गुण बुडाले.

"कधी" या प्रश्नाचं आणखी एक अंग आहे. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला साधारण १६ मिलिसेकंद मिळतात. तुमचा कोड त्यापेक्षा जास्त वेळ खात असेल तर गेम अडखळतो. आणि "आंबा खाली येईपर्यंत थांब" असा व्हाइल लूप कधीच लिहू नका. लूप संपल्याशिवाय फ्रेम पुढे सरकत नाही, फ्रेम सरकल्याशिवाय आंबा खाली येत नाही. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात आणि गेम गोठतो. वाट बघायची असेल तर टायमर किंवा कंडिशन वापरा.

दुसरा प्रश्न: कोणावर?

गुण धावायचे थांबले. पोरगा खूश. दोन दिवसांनी परत मेसेज: "ताई, दोन आंबे एकदम झेलले तर दहाच गुण मिळतात. आजीने पकडलं."

आजीची नजर तेज आहे. आणि हा खरोखर महत्त्वाचा मुद्दा आहे. नवशिक्यांना वाटतं की इव्हेंट प्रत्येक आंब्यासाठी वेगळा चालतो. तसं नसतं. इव्हेंट एका फ्रेममध्ये एकदाच चालतो आणि कंडिशनमध्ये बसणारे सगळे आंबे एकत्र निवडतो. दोन आंबे एकाच फ्रेमला टोपलीला लागले तर निवडलेल्या यादीत दोन आंबे येतात, पण कोड चालतो एकदाच. म्हणून गुण दहाच.

इथे ऑब्जेक्ट्स ही यादी कामाला येते. जावास्क्रिप्ट इव्हेंटच्या वरच्या ओळीवर टॅप करून आंबा हा ऑब्जेक्ट निवडला की कंडिशनने निवडलेले आंबे, आणि फक्त तेच, या यादीत येतात. मग दुसरी ओळ अशी बदलायची:

स्कोअर.सेटनंबर(स्कोअर.गेटॲजनंबर() + १० * ऑब्जेक्ट्स.लेंग्थ);

लेंग्थ म्हणजे यादीत किती जण आहेत तो आकडा. दोन आंबे, वीस गुण. मधलं फुलीसारखं चिन्ह म्हणजे गुणाकाराचा तारा.

प्रत्येक आंब्यावर वेगळं काही करायचं असेल, समजा प्रत्येकाला थोडं फिरवायचं असेल, तर लूप लिहायचा:

फॉर (कॉन्स्ट आंबा ऑफ ऑब्जेक्ट्स) {
आंबा.सेटॲंगल(आंबा.गेटॲंगल() + १५);
}

म्हणजे यादीतला एकेक आंबा घे आणि त्याचा कोन १५ अंशांनी वाढव.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली, जावास्क्रिप्ट इव्हेंट कंडिशनशिवाय मोकळा ठेवला आणि आंबा निवडला, तर यादीत सीनमधले सगळेच आंबे येतात, झाडावरचेसुद्धा. दुसरी, यादी रिकामी असू शकते. रिकाम्या यादीतला पहिला आंबा मागितला तर जावास्क्रिप्टकडून "अनडिफाइन्ड" मिळतं आणि त्याला काही करायला सांगितलं की एरर येते. वरच्या लूपला ही अडचण येत नाही. यादी रिकामी असेल तर तो एकदाही फिरत नाही, गुपचूप पुढे जातो. म्हणून नवशिक्यांनी पहिला आंबा थेट मागण्यापेक्षा लूपची सवय लावलेली बरी.

तिसरा प्रश्न: परत काय?

आता आजीच्या मूळ मागणीकडे येऊ. स्कोअरमध्ये आकडा आहे, तो मराठी अंकांत दाखवायचा. जावास्क्रिप्टमध्ये यासाठी आयती सोय आहे, टूलोकेलस्ट्रिंग नावाची. तिला भाषा आणि देश सांगितला की ती आकडा त्या पद्धतीने लिहून देते. मराठीसाठी लहान अक्षरांत "एम" आणि "आर", मग हायफन, मग मोठ्या अक्षरांत भारताचे "आय" आणि "एन". उत्तर येतं १,२५,०००. अंक देवनागरी आणि स्वल्पविराम लाखाच्या जागी! आपल्या हिशोबाने, सहा अंकी संख्येला दोनच अंकांनंतर दुसरा स्वल्पविराम.

पण हे उत्तर गेमच्या मजकुरात आणायचं कसं? दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता व्हेरिएबलचा. कोडने उत्तर एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचं, इव्हेंटने तिथून उचलायचं. आकड्यासाठी सेटनंबर, मजकुरासाठी सेटस्ट्रिंग. एका ठिकाणीच काम असेल तर हे पुरतं.

इथला सगळ्यात फसवा खड्डा सांगते. व्हेरिएबलच्या नावात लहान-मोठ्या अक्षराची चूक झाली तर एरर येत नाही! त्या नावाचं व्हेरिएबल नसेल तर कोड चालू असताना ते नवं तयार होतं आणि त्यात शून्य असतं. तुम्ही एका व्हेरिएबलमध्ये गुण भरताय आणि स्क्रीनवर दुसरंच दिसतंय. स्कोअर कायम शून्यच दिसत असेल तर सगळ्यात आधी स्पेलिंग तपासा. आणि व्हेरिएबल सीनचं आहे की अख्ख्या गेमचं, हेही बघा. अख्ख्या गेमचं असेल तर रनटाइमसीननंतर आधी गेटगेम() लिहून मग गेटव्हेरिएबल्स() लिहावं लागतं.

दुसरा रस्ता म्हणजे स्वतःचं फंक्शन बनवणं. हा जरा लांबचा, पण टिकाऊ. पायऱ्या अशा:

१. प्रोजेक्ट मॅनेजर उघडा आणि एक्स्टेंशनच्या भागात नवीन रिकामं एक्स्टेंशन बनवा. नाव स्पेस न देता, समजा "मराठी".
२. त्यात नवीन फंक्शन जोडा. प्रकार विचारला जाईल. अ‍ॅक्शन म्हणजे नुसतं काम करणारं, कंडिशन म्हणजे हो किंवा नाही सांगणारं, एक्स्प्रेशन म्हणजे आकडा किंवा मजकूर परत देणारं. आपल्याला मजकूर परत हवाय, म्हणून एक्स्प्रेशन निवडा आणि परत येणारी गोष्ट मजकूर आहे असं ठरवा.
३. फंक्शनला "अंक" असं नाव द्या. त्याला एक पॅरामीटर जोडा, प्रकार संख्या, नाव "संख्या". हीच आपण त्याच्या हातात देणारी वस्तू.
४. फंक्शनच्या आत जावास्क्रिप्ट इव्हेंट जोडा आणि लिहा:

कॉन्स्ट आकडा = इव्हेंट्सफंक्शनकॉन्टेक्स्ट.गेटआर्ग्युमेंट("संख्या");
इव्हेंट्सफंक्शनकॉन्टेक्स्ट.रिटर्नव्हॅल्यू = आकडा.टूलोकेलस्ट्रिंग("एमआर-आयएन");

इव्हेंट्सफंक्शनकॉन्टेक्स्ट हे नाव लांबलचक असलं तरी काम साधं आहे. फंक्शनला बाहेरून काय मिळालं आणि बाहेर काय द्यायचं, याचा तो टेबल. गेटआर्ग्युमेंटने टेबलावरची वस्तू उचलायची, रिटर्नव्हॅल्यूमध्ये उत्तर ठेवायचं.

५. आता सीनच्या इव्हेंट शीटमध्ये या. गुण दाखवणाऱ्या टेक्स्ट ऑब्जेक्टचा मजकूर बदलण्याची अ‍ॅक्शन घ्या आणि त्यात लिहा:

मराठी::अंक(स्कोअर)

आधी एक्स्टेंशनचं नाव, मग दोन कोलन, मग फंक्शनचं नाव, कंसात आकडा. हा तुमचा पहिला खराखुरा फंक्शन कॉल! आतली जावास्क्रिप्ट आता तुम्ही विसरलात तरी चालेल. उद्या वेळ, आयुष्य, लेव्हल, काहीही मराठीत दाखवायचं असलं तरी हीच एक ओळ.

दोन छोट्या सूचना. टूलोकेलस्ट्रिंग हे साध्या बेरजेपेक्षा जड काम आहे. दर फ्रेमला बोलवू नका, गुण बदलतील तेव्हाच मजकूर बदला. सुरुवातीचं शून्य दाखवायला सीन सुरू होतानाही एकदा बोलवा. आणि गेमला देवनागरी अक्षरं असलेला फॉन्ट द्या. मुक्ता हा एक टाइपचा मोफत, खुल्या परवान्याचा फॉन्ट चांगला दिसतो. फॉन्टची फाइल प्रोजेक्टमध्ये जोडा, म्हणजे प्रत्येक फोनवर अंक सारखेच दिसतील.

उत्तर उशिरा येत असेल तर?

इंटरनेटवरून काही मागवलं, समजा मित्रांचे गुण, तर उत्तर लगेच येत नाही. कोड विनंती पाठवतो आणि पुढचे इव्हेंट त्याच क्षणी चालू होतात. तिथे उत्तर वाचायला गेलात तर रिकामं सापडेल. अशा वेळी उत्तर आल्यावर चालणाऱ्या भागात दोन व्हेरिएबल भरायची, एकात उत्तर आणि दुसऱ्यात "आलं" ही खूण. इव्हेंट शीटमध्ये त्या खुणेची कंडिशन लावायची. म्हणजे पुन्हा पहिलाच प्रश्न, कधी?

अडलात तर असं तपासा

कोड चालतोय का? कोडच्या पहिल्या ओळीत एखाद्या व्हेरिएबलमध्ये १ ठेवा आणि ते स्क्रीनवर दाखवा. फोनवर काम करताना हा सगळ्यात सोपा मार्ग. कॉम्प्युटरवर असाल तर कन्सोल.लॉग वापरून ब्राउझरच्या कन्सोलमध्ये बघा.

किती वेळा चालतोय? तिथे १ ठेवण्याऐवजी १ मिळवत जा. आकडा धावला तर दर फ्रेमला चालतोय.

कोणावर चालतोय? ऑब्जेक्ट्स.लेंग्थ दाखवून बघा. शून्यच दिसत राहिला तर कंडिशन खोटी असू शकते, ती तपासा.

अवतरण चिन्हं बरोबर आहेत का? काही फोनचे कीबोर्ड सरळ चिन्हांऐवजी वळणदार चिन्हं टाकतात आणि वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करतात. कोडला दोन्ही चालत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ते बंद करा.

एआयने दिलेला कोड असेल तर? वापरा, पण प्रत्येक ओळीला तेच तीन प्रश्न विचारा. चॅटबॉटला तुमची इव्हेंट शीट दिसत नाही, त्यामुळे "कधी" हे त्याला माहीतच नसतं. कधीकधी तो दुसऱ्याच गेम इंजिनमधली नावं आत्मविश्वासाने लिहून देतो. टाइप करताना एडिटर ते नाव सुचवत नसेल तर संशय घ्या.

पुढे दुसरं टूल घेतलं तर?

हे तीन प्रश्न जीडेव्हलपपुरते नाहीत. कन्स्ट्रक्ट ३ मध्येही इव्हेंट शीटच्या आत जावास्क्रिप्ट लिहिता येते. अनरियल इंजिनमध्ये ब्लूप्रिंट नावाची चौकोन-आणि-तारांची पद्धत आहे. तिथे सी प्लस प्लसमधल्या फंक्शनवर "ब्लूप्रिंटकॉलेबल" अशी खूण केली की ते फंक्शन चौकोन बनून समोर येतं. दर फ्रेमचं काम तिथे टिक नावाच्या इव्हेंटवर होतं. युनिटीच्या व्हिज्युअल स्क्रिप्टिंगमध्ये त्याला अपडेट म्हणतात. नावं बदलतात, चौकोनांचे रंग बदलतात, पण कधी, कोणावर आणि परत काय हे तिन्हीकडे तसंच राहतं.

माझ्या भावाने तो गेम बंद केला नाही. त्या रात्री अकरा वाजता त्याने स्क्रीनशॉट पाठवला. टोपलीच्या वर मोठ्या अक्षरांत १,०२० लिहिलं होतं. खाली मेसेज, "आजीचा स्कोअर. माझा ८४०."

तुमचा कोड चालत नसेल तर "मला जमत नाही" म्हणण्याआधी एवढंच करा. कागद घ्या, तीन प्रश्न लिहा आणि प्रत्येकापुढे एक ओळ उत्तर लिहा. ज्या प्रश्नाचं उत्तर लिहिता येणार नाही, तिथेच तुमची चूक लपलेली असेल.